पेठेतलं जुनं घर, हातभर जागा: इसार देण्याआधी काय काय पाहायचं

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधून आम्ही दोघांनी दीड वर्षात अकरा घरं पाहिली आणि बारावं घेतलं. चौथ्या घराच्या वेळी तर इसाराचं पाकीट पिशवीत घालून निघालो होतो. दारात पोचलो तेव्हा शेजारच्या आजी सहज म्हणाल्या, "न्हाणीघर कुठं बांधणार तुम्ही? ते तर आमच्याकडं आहे." मालकाने आम्हाला जी न्हाणी, तिच्यामागची पाच फुटांची बोळकांडी आणि तुळशीवृंदावन कौतुकाने दाखवलं होतं, ते सगळं जुन्या वाटणीत त्याच्या चुलत्याकडे गेलेलं होतं. तोंडी वहिवाट चालू होती, एवढंच. पाकीट तसंच घरी आलं.

हा लेख त्यानंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. गावठाणात किंवा पेठेत साधारण पाचशे ते हजार चौरस फुटांच्या जागेवरचं, चाळीस-पन्नास वर्षांहून जुनं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला चिकटलेलं घर तुम्ही बघत असाल, तर तो तुमच्यासाठी आहे. फ्लॅटवाल्यांना यातलं फारसं लागू नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. एजंट म्हणतो, "घराचं काय बघताय, पाडून नवीन बांधायचंच आहे ना? जागा बघा." अरुंद बोळातल्या लहान जागेला हे लागू पडत नाही. उभं आहे ते घर हद्दीपासून हद्दीपर्यंत आहे. पाडलंत की आजचे नियम लागतात आणि नवीन घर जुन्यापेक्षा लहान होऊ शकतं. म्हणून न पाडता किती वर्षं राहता येईल आणि त्यासाठी किती खर्च येईल, हे दोन प्रश्न डोक्यात ठेवूनच घर बघायचं.

पायऱ्यांचा क्रम खर्चाप्रमाणे लावला आहे. नुसत्या पायांनी होतं ते आधी, वकील-इंजिनिअर नंतर. आमची सात घरं पैसे खर्च व्हायच्या आधीच गळली.

पिशवीत काय ठेवाल

तीस मीटरचा टेप, ओळंबा, चांगली टॉर्च, लहान हातोडी, सुताराची आरी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिल, चौकटीची वही आणि खिशात एक गोटी. गोटी जमिनीवर ठेवायची आणि कुठे पळते ते पाहायचं. लोक हसतात, हसू देत.

१. पहिली फेरी एजंटशिवाय

नळाला पाणी येतं त्या वेळेला जा. बोळातली माणसं तेव्हा बाहेर असतात, बोलतात, आणि पाण्याचा जोर किती ते हंड्यात दिसतं. दुसऱ्यांदा रात्री नऊनंतर जा: गाड्या कुठे लागतात, दिवे आहेत का, कुत्री किती. तिसरी फेरी भर पावसात. ही चुकवू नका. उन्हाळ्यात रंग मारून सजवलेलं घर जुलैमध्ये खरं बोलतं. आमच्या गावात अजिंक्यताऱ्याच्या उताराचं पाणी खालच्या पेठांकडे धावतं. वरच्या अंगाच्या घराचं सांडपाणी, पावसाचं पाणी तुमच्या मागच्या भिंतीत मुरतंय का, हे फक्त तेव्हाच कळतं. सांगली-कोल्हापूरकडे नदीच्या बाजूला बघत असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या तीन घरांत वेगवेगळं विचारा. मालकाला विचारू नका.

बोळाची रुंदी टेपने मोजा. सर्वांत अरुंद ठिकाणी मोजा, दारासमोर नव्हे. आमच्या बोळाचं दारासमोरचं माप आठ फूट आहे आणि चौकाजवळच्या वळणावर सहा. म्हणजे टेम्पो चौकातच थांबतो. वाळू, विटा, सिमेंट पुढे डोक्यावरून किंवा गाढवावरून. राडारोडा त्याच वाटेने परत. मजुरीचा हा आकडा कुणीही आपणहून सांगत नाही.

२. जागा स्वतः मोजा

"सहाशेवीस फूट आहे" हे वाक्य ऐकलं की विचारा: कशाचे? मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. ५७.६ चौरस मीटरला १०.७६४ने गुणलं की ६२० चौरस फूट येतात. हे जमिनीचं माप. आता समजा जागा वीस बाय एकतीस आहे आणि चारही भिंती दीड फुटांच्या आहेत. आत राहिले सतरा बाय अठ्ठावीस, म्हणजे ४७६. जवळजवळ पाव जागा भिंतींनी खाल्ली. दगडमातीच्या भिंती दोन फुटांच्याही असतात. त्यामुळे कागदावरचं क्षेत्र आणि पलंग मावेल ती जागा यांचा संबंध दूरचा.

पेठेतली जागा क्वचितच काटकोनात असते. चार बाजू मोजून भागत नाही. दोन्ही कर्णही मोजा, जागेचे दोन त्रिकोण करा आणि बेरीज करा. पत्रिकेशी थोडाफार फरक येणारच, जुन्या भिंती वाकड्या असतात. पण फरक पन्नास-साठ चौरस फुटांचा निघाला तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन कारणं नेहमीची: शेजाऱ्याचा जिना किंवा संडास तुमच्यात शिरलेला असतो, किंवा समोरचा ओटा तुमचा नसून रस्त्याचा असतो.

उंचीही मोजा. जुन्या घरांत तुळईखाली सहा-साडेसहा फूट असतात. आमच्या ह्यांच्या कपाळावर त्याची खूण आहे.

३. चार भिंती कुणाच्या?

आम्ही पाहिलेल्या घरांतले जास्तीत जास्त घोटाळे याच पायरीवर सापडले. म्हणून इथे घाई नको.

वहीत घराचा चौकोन काढा आणि प्रत्येक भिंतीपुढे लिहा: आपली, त्यांची, की सामाईक. अंदाज घ्यायला खुणा असतात. तुमच्या तुळयांची टोकं त्या भिंतीवर टेकली आहेत का? शेजाऱ्याच्या घरात जाऊन पाहा, त्यांचीही टेकली आहेत का? दोघांची असतील तर भिंत बहुधा सामाईक. कोनाडे, देवळ्या, भिंतीतली कपाटं कोणत्या बाजूने कोरली आहेत तेही पाहा. ह्या नुसत्या खुणा. निकाल मोजणीच्या नकाशाने आणि खरेदीखतातल्या चतुःसीमेने लागतो. पण खुणा आणि कागद जुळत नसतील तर भांडण कुठे होणार ते आधीच कळतं.

सामाईक भिंत असणं हा दोष नाही, पेठेत ती असायचीच. फक्त ती तुम्हाला एकट्याने पाडता येत नाही, खणता येत नाही, आणि तुमचं घर उतरवलं तर शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार जातो. पाहिलेल्या एका घरात शेजारी म्हणाले, "तुम्ही हात लावलात तर आमचा माळा खाली येईल." खोटं बोलत नव्हते.

मग पागोळ्या. तुमच्या पाखाडीचं, म्हणजे छपराच्या उताराचं, पाणी कुठे पडतं? शेजाऱ्याच्या परसात पडत असेल तर ती वहिवाट किती जुनी, आणि तिला लेखी आधार आहे का? त्यांचं पाणी तुमच्यात पडत असेल तर तोच प्रश्न उलटा. खिडकीचंही तसंच. सहाव्या घरात माजघराची एकमेव खिडकी शेजारच्या बखळीकडे उघडत होती. छान वारा. पण बखळ विकायला काढलेली होती. उद्या तिथे भिंत उभी राहिली की माजघरात भर दुपारी दिवा लावायचा. उजेड, वारा, वाट यांचा वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने हक्क मिळू शकतो, १८८२चा सुविधाधिकार कायदा तसं म्हणतो. तो हक्क कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागतो, आणि तोवर भिंत उभी राहिलेली असते.

शेवटी बोळ. तो नगरपालिकेचा आहे की चार घरांचा खासगी? नकाशात त्याला स्वतःचा नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांक आहे का ते पाहा. खासगी असेल तर खरेदीखतात "जाण्यायेण्याच्या हक्कासह" हे शब्द हवेतच. त्यात नळाची आणि ड्रेनेजची लाइन टाकण्याचा हक्कही लिहून घ्या. चालायचा हक्क असलेल्या बोळात पाइप टाकू देत नाहीत, असं आम्ही पाहिलं आहे.

४. घराची तपासणी: वरून खाली

आधी घर कसलं आहे ते ओळखा. लाकडी सांगाडा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, चुन्यातल्या भाजक्या विटा, लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी, की स्लॅब. बरेचदा एकाच घरात हे सगळे असतात, कारण प्रत्येक पिढीने आपापलं काही वाढवलेलं असतं. त्यातलं सगळ्यांत धोक्याचं म्हणजे मातीच्या भिंतींवर नंतर चढवलेली स्लॅबची खोली. "वर पोरांसाठी एक रूम काढलीय" असं ऐकलंत की खालच्या भिंतींना ओळंबा लावा.

*छप्पर.* माळ्यावर टॉर्च घेऊन चढा. दिवसा टॉर्च बंद करून कौलांतून उजेड कुठून येतो ते पाहा. वाशांवरचे काळे ओघळ म्हणजे गळती. आढं मध्येच वाकलंय का ते रस्त्याच्या पलीकडून पाहिलं की चटकन दिसतं. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर बघत असाल तर वर मातीचे थर किती चढवले आहेत ते विचारा. गळती थांबवायला दरवर्षी माती टाकत गेलं की छत जड होत जातं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात अशा जड छतांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी काय केलं ते त्या भागात सांगावं लागत नाही.

*लाकूड.* खांबाचा मधला भाग ठोकून उपयोग नाही, तो चांगलाच असतो. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आणि खांबाचं तळखड्यावर टेकलेलं बूड, ही दोन ठिकाणं आधी कुजतात. तिथे आरी टोचा. लाकूड धडधाकट असेल तर टोक जेमतेम शिरतं. लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर संपलं. हातोडीचा आवाज खणखणीत हवा, बद्द नको. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. बारीक भोकं आणि खाली ताजी पिवळसर भुकटी म्हणजे भुंगा अजून कामावर आहे. भुकटी झाडून टाका आणि आठवड्याने परत या. एखाद्या जुन्या सुताराला दोन तासांची मजुरी देऊन बरोबर न्या. आमच्या सुतारकाकांनी खांबाला हात लावूनच सांगितलं, "तुळया सागाच्या आहेत, वासे आंब्याचे. तुळया ठेवा, वासे सगळे बदला." तसंच झालं.

*भिंती.* भिंतीला पोट सुटलंय का? वरून ओळंबा सोडा आणि दोरी ते भिंत हे अंतर तीन उंचींवर मोजा. वर, मध्ये आणि खाली फारच वेगळे आकडे आले तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे नको. चिरांपैकी केसाएवढ्या सरळ चिरांना घाबरू नका. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या आणि दोन भिंती जिथे मिळतात तिथे उभ्या उघडलेल्या चिरा महत्त्वाच्या. साताऱ्यातलं घर १९६७च्या आधीचं असेल तर त्याने ११ डिसेंबरच्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सोसलेला आहे, कोपऱ्यात जुनी चीर असणं नवल नाही. ती जुनी आहे की अजून वाढतेय, एवढं ओळखायचं. आत धूळ, जाळी, जुना रंग असेल तर जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर नवी. पेन्सिलने दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा आणि महिन्याने पाहा. मालक नको म्हणाला तर मोबाइलने फोटो घ्या, शेजारी टेप धरून.

*ओल.* जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा फुटला असेल, पोपडे आले असतील, तर ओल खालून चढतेय. वरून खाली डाग असेल तर छप्पर किंवा पन्हळ. एकाच ठिकाणी गोल डाग असेल तर पलीकडे कुणाचा तरी नळ आहे. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर सावध राहा: भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतच राहून भिंत पोखरते. आणि हा सापळा लक्षात ठेवा: बैठकीच्या खोलीत चार फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स. स्वयंपाकघरात ठीक आहे, बैठकीत कोण लावतं? टाइल्सच्या वरच्या कडेला हात लावून पाहा.

*स्लॅब आणि गर्डर.* स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसताहेत का, तपकिरी रेघा आहेत का, हातोडीने पोकळ वाजतं का. नव्याने केलेलं पीओपीचं सीलिंग दिसलं तर एक तुकडा काढून आत पाहू द्या असा आग्रह धरा. मालकाने नकार दिला तर त्या खोलीची किंमत पाडून टाकण्याच्या खर्चासकट धरा.

एवढं पाहून घर मनात टिकलं तरच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि अहवाल लेखी घ्या. "ठीक वाटतंय" असं तोंडी मिळालेलं काही कामाचं नाही. बँकेचा मूल्यांकनवाला येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असंही समजू नका. तो बँकेच्या पैशांची काळजी घेतो.

५. पाणी, सांडपाणी, वीज

मोरीत बादलीभर रंगीत पाणी ओता. होळीचा उरलेला रंग चालतो. आता बाहेर जाऊन चेंबरची झाकणं उघडा आणि तो रंग कुठे निघतो पाहा. एका घरात तो कुठेच निघाला नाही. दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या आडात निघाला, असं त्यांनीच फोन करून कळवलं. सेप्टिक टँक असेल तर तो नेमका कुठे आहे आणि मैला उपसणारी गाडी, निदान तिची नळी, तिथवर पोचते का ते विचारा. वीजमीटर कुणाच्या नावावर आहे आणि वायरिंग कापडी वेष्टणाचं जुनं आहे का तेही पाहा. बदलावंच लागेल, खर्चात धरा.

६. कागद

हे गोळा करा. बरेचसे तुम्हाला स्वतःला काढता येतात, मालकाच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

- मिळकत पत्रिका: महाभूमीच्या संकेतस्थळावरून किंवा नगर भूमापन कार्यालयातून. गावठाणाचा सिटी सर्व्हे झालेला नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८
- नगर भूमापनाच्या वेळचा चौकशी नोंदवहीचा उतारा, सनद आणि नकाशा
- मालकाचं खरेदीखत, आणि त्याच्या आधीच्या मालकाचंही
- वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोड पत्रं
- इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा), आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल
- घरपट्टीचा आकारणी उतारा, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या
- विकास आराखड्यातला भाग नकाशा आणि झोन दाखला
- धोकादायक इमारतीची नोटीस कधी आली होती का, हे लेखी

मिळकत पत्रिका वाचताना धारकाचं नाव पाहून थांबू नका. सत्ताप्रकार वाचा. सरकारी पट्टा, इनाम, देवस्थान, वक्फ असं काही दिसलं तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. इतर हक्कांत बोजा आहे का पाहा. सोसायटीचं पन्नास वर्षांपूर्वी फेडलेलं कर्जसुद्धा कमी न केल्याने तिथे बसलेलं असतं. ते मालकाकडून, त्याच्या खर्चाने, इसाराआधी काढून घ्या. आणि घरपट्टीवर नाव आहे म्हणजे मालकी आहे, हा समज सोडा. घरपट्टी कराची नोंद आहे.

वारस. मालकाला समोर बसवून वंशावळ काढा. आजोबांपासून. माणूस मृत्युपत्र न करता गेला असेल तर मुलगे, मुली, पत्नी आणि हयात असेल तर त्याची आई, सगळे वारस (हे हिंदू वारसा कायद्याचं, इतर धर्मीयांचे नियम वेगळे). वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना ९ सप्टेंबर २००५पासून मुलांसारखाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२०चा निकाल आहे. म्हणून "बहिणींनी तोंडी सोडलंय", "ताई कधी काही मागणार नाहीत", "आत्या तर अमेरिकेत असते" या वाक्यांना काही किंमत नाही. हक्कसोड पत्र नोंदणीकृत हवं, नाहीतर ताई आणि आत्या दोघींच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. अज्ञान (अठरा वर्षांखालचा) वारस असेल तर कोर्टाच्या परवानगीचा प्रश्न येतो, तिथे वकील सांगेल तसंच करा. कुलमुखत्यारपत्रावर कुणी विकत असेल तर मूळ माणसाशी स्वतः बोला, आणि तो हयात आहे याची खात्री करा.

कुलूप लावलेली खोली. "काही नाही हो, जुनं सामान आहे." उघडायला लावा. आमच्या नवव्या घरात त्या खोलीत एक भाडेकरू होते, चाळीस वर्षं. मुलाकडे पुण्याला गेले होते, पण भाडं मनीऑर्डरने येत होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ अशा भाडेकरूंना चांगलं संरक्षण देतो, आणि ते योग्यच आहे. घर विकलं तरी भाडेकरू जात नाहीत, ते तुमचे भाडेकरू होतात. भाडेकरूसह घर घ्यायला हरकत नाही, पण ते ठरवून घ्या आणि त्या किमतीला घ्या.

मोजणी. कागद जुळले की भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज मालकाला करायला लावा, फी हवी तर तुम्ही द्या. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, ते येऊन उभे राहतात, हरकती असतील तर तिथेच बाहेर पडतात. वेळ लागतो. मालक म्हणेल, "एवढं कशाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." असू दे.

७. उद्या पाडायची वेळ आली तर

पावसाळ्यात एखादी भिंत बसली की हा प्रश्न येतोच, म्हणून उत्तर आजच काढून ठेवा. नगरपालिकेच्या यादीतला एखादा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर गाठा आणि विचारा: या जागेवर नवीन परवानगी घेतली तर काय उभं राहील? मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२०पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. दाट वस्तीला त्यात सवलती आहेत, पण अरुंद बोळ असेल तर त्याच्या मध्यरेषेपासून ठरावीक अंतर सोडून मागे सरकावं लागतं. आमच्या जागेचा हिशोब केला तर समोरून जवळजवळ साडेतीन फूट जात होते. वीस फुटांच्या दर्शनी बाजूवर हे सत्तर चौरस फूट झाले, म्हणजे एक स्वयंपाकघर. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ घरातून जात असेल तर नुकसान याहून मोठं. ती रेघ कुणी आपणहून दाखवत नाही. भाग नकाशा मागून स्वतः पाहा.

८. पैशांचा हिशोब

आम्ही एका पानावर दोन रकाने केले. डावीकडे विक्रीची किंमत, मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी. उजवीकडे राहण्याजोगं करण्याचा खर्च: छप्पर, लाकूड, वायरिंग, प्लंबिंग, ओल, आणि बोळातल्या वाहतुकीचा वेगळा आकडा. दोन्हींची बेरीज गावाबाहेरच्या तेवढ्याच नव्या घराशी ताडून पाहिली. मिस्त्रींचा दुरुस्तीचा अंदाज चार लाखांचा होता, झाले सहा लाख ऐंशी हजार. जुन्या घरात गिलावा काढल्यावरच खरं कळतं, तेव्हा अंदाजावर निदान निम्मे वाढवून धरा.

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि बाजारमूल्य दर तक्त्यानुसार येणारं मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं. मोडकं घर स्वस्तात मिळालं तरी शुल्क तक्त्यावरच बसू शकतं, दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच हिशोब करून घ्या. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्क्याची सवलत आहे; आम्ही ती घेतली आणि तेवढ्यात सुतारकाकांची मजुरी निघाली. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. कर्ज हवं असेल तर बँकेत सगळ्यात आधी विचारा, कारण मातीच्या भिंतींचं, जुन्या घराचं नाव काढलं की बऱ्याच बँका हात आखडता घेतात.

लाकडाची किंमत मालक वेगळी सांगतो. "सागवानच दोन लाखांचं आहे." असेल. पण ते उतरवलं तरच विकता येतं, आणि उतरवलं की घर राहत नाही. ती रक्कम किमतीत धरू नका.

९. इसार

वकिलाने जाहीर नोटीस दिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. स्थानिक खपाच्या दैनिकात द्या, हरकतींसाठी साधारण पंधरा दिवस ठेवतात. इसारपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट लिहा: मोजणीत क्षेत्र अमुकपेक्षा कमी निघालं तर किंमत कशी बदलेल, वारसाची हरकत आली तर इसार किती दिवसांत परत, खरेदीच्या दिवशी ताबा रिकामा, न्हाणी, ओटा, आड, माळा यांतलं काय काय व्यवहारात आहे. जे लिहिलं नाही ते दिलं नाही असं समजा. रोख देऊ नका. नोटरी केलेला करारनामा म्हणजे खरेदी नव्हे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात मिळकत पत्रिकेवरच्या फेरफारासाठी अर्ज करा, घरपट्टी, पाणी आणि वीज नावावर करून घ्या. आणि दुरुस्तीची पहिली हातोडी पडायच्या आधी दोन्ही शेजाऱ्यांच्या घरात चहाला जा. त्यांच्या भिंतींच्या आतल्या चिरांचे फोटो त्यांच्यासमोर, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी धरून काढा आणि एक प्रत त्यांनाही पाठवा. आमच्या डावीकडच्या काकांनी तिसऱ्या महिन्यात एक चीर दाखवली. दोघांनी मिळून फोटो पाहिला. चीर आधीचीच होती.